परदेशातील फाशीचा खटला आणि पहिले दहा दिवस

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपला धाकटा भाऊ चार वर्षांपासून आखातातील एका देशात नोकरीला आहे. सुट्टी संपवून परत जाताना ओळखीच्या एका गृहस्थाने "तिकडच्या मित्राला द्या" म्हणून दिलेले पुडके त्याने सामानात ठेवले, तिथल्या विमानतळावर त्यात अमली पदार्थ सापडले, आणि आज नऊ दिवस झाले तो कोठडीत आहे. या गुन्ह्याला फाशी होऊ शकते असे त्याच्या सहकाऱ्यांनी सांगितल्यामुळे घरातील सगळे हादरले आहेत. आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: भारत सरकार त्याला वकील देईल का, कुलभूषण जाधव यांच्यासाठी भारत जसा हेगच्या न्यायालयात गेला तसे आपल्या भावासाठी जाता येईल का, आणि "ब्लड मनी" भरून त्याला सोडवता येईल का. देशाचे नाव आपण लिहिलेले नाही, ते योग्यच केलेत. प्रकरण चालू असताना तपशील चारचौघांत जितका कमी फिरेल तितके बरे.

तिन्ही प्रश्नांची उत्तरे आधी सांगून टाकतो. वकिलाच्या बाबतीत दूतावासाची मदत मिळते, पण ती हक्क म्हणून मागता येत नाही. हेगचा रस्ता आपल्यासाठी जवळजवळ बंद आहे. आणि रक्ताच्या भरपाईची तरतूद अमली पदार्थांच्या गुन्ह्याला लागूच होत नाही. हे वाचून धीर सोडू नये, कारण जो प्रश्न आपण विचारलेला नाही तोच माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे: या नऊ दिवसांत आपल्या भावाने कोणत्या कागदावर, कोणत्या भाषेतील मजकुरावर सही केली आहे? परक्या देशात मृत्युदंडाचा धोका असलेला आरोपी वाचतो किंवा अडकतो तो बहुधा या पहिल्या दिवसांत. अपील, दयेचा अर्ज, सरकार-सरकारांतील बोलणी हे सगळे नंतरचे उपाय होत, आणि पहिल्या जबाबात जे लिहिले गेले ते पुसण्याची ताकद त्यांच्यात फार थोडी असते.

या संबंधीचा मूळ कायदा म्हणजे १९६३चा वाणिज्यदूत संबंधांविषयीचा व्हिएन्ना करार आणि त्याचे ३६वे कलम. वर्तमानपत्रांत ज्याला "कॉन्सुलर अ‍ॅक्सेस" म्हणतात तो याच कलमातून येतो. त्यात तीन वेगवेगळी कर्तव्ये आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नयेत. पहिले कर्तव्य अटक करणाऱ्या यंत्रणेचे: तू परदेशी नागरिक आहेस, तुझ्या देशाच्या दूतावासाला कळवण्याचा तुला हक्क आहे, हे तिने आरोपीला विनाविलंब सांगितले पाहिजे. दुसरे, आरोपीने तशी मागणी केली तर दूतावासाला विनाविलंब कळवले पाहिजे. तिसरा हक्क दूतावासाच्या अधिकाऱ्यांचा: आरोपीला भेटणे, त्याच्याशी बोलणे, पत्रव्यवहार करणे आणि त्याच्यासाठी वकिलाची व्यवस्था करणे. दुसऱ्या कर्तव्यातील "मागणी केली तर" हे शब्द नीट वाचा. बहुतेक कामगारांना असा काही हक्क असतो हेच ठाऊक नसते, त्यामुळे ते मागणी करत नाहीत. काही जण गावात बोभाटा होईल या भीतीने नको म्हणतात. आणि कागदावर "आरोपीने दूतावासाला कळवण्यास नकार दिला" अशी एक ओळ उमटते. म्हणून भावाचा पुढचा फोन येईल तेव्हा त्याला एकच वाक्य सांगा: मला भारतीय दूतावासाच्या अधिकाऱ्याला भेटायचे आहे, हे लेखी नोंदवून घ्या. आपण स्वतः दूतावासाला कळवलेत तरी त्याची ही मागणी नोंदवली जाणे आवश्यक आहे.

"विनाविलंब" म्हणजे किती, यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात बराच खल झाला आहे. मेक्सिकोने अमेरिकेविरुद्ध चालवलेल्या आवेना प्रकरणात न्यायालयाने ३१ मार्च २००४ रोजी सांगितले की या शब्दाचा अर्थ "अटक होताच, चौकशीच्या आधी" असा घ्यावाच लागतो असे नाही. मात्र पकडलेला माणूस परदेशी आहे हे कळले किंवा तसे मानण्यास कारण दिसले की लगेच त्याला त्याचा हक्क सांगितला पाहिजे. वकील म्हणून मला हा अर्थ नेहमीच अपुरा वाटत आला आहे, कारण पोलिसांचा पहिला जबाब नेमका या फटीत बसतो. हक्क सांगितला जाईपर्यंत चौकशी उरकलेली असू शकते आणि तरीही कराराचा भंग झाला नाही असा युक्तिवाद करता येतो. म्हणून केवळ कराराच्या भरवशावर थांबू नये असे मी सांगतो.

आता जाधव प्रकरण, कारण आपण त्याचाच दाखला दिला आहे आणि मराठी घरांत त्या प्रकरणाविषयी समजही पुष्कळ आहेत आणि गैरसमजही. सांगलीत जन्मलेले, नौदलातून निवृत्त झालेले कुलभूषण जाधव यांना आपण ३ मार्च २०१६ रोजी अटक केली असे पाकिस्तानने म्हटले. भारताला ते कळवले २५ मार्चला. इराणमधून त्यांचे अपहरण करण्यात आले, ही भारताची भूमिका. भारताने त्याच दिवशी कॉन्सुलर अ‍ॅक्सेस मागितला, पुढे वारंवार मागितला, आणि तो मिळाला नाही. १० एप्रिल २०१७ रोजी लष्करी न्यायालयाने त्यांना मृत्युदंड दिल्याचे जाहीर झाले. ८ मे रोजी भारत हेगला गेला आणि १८ मे रोजी न्यायालयाने अंतिम निकालापर्यंत शिक्षेची अंमलबजावणी करू नये असा आदेश दिला. १७ जुलै २०१९ रोजी अंतिम निकाल लागला. हक्क न सांगणे, कळवण्यात तीन आठवड्यांहून अधिक उशीर करणे आणि भेट नाकारणे, या तिन्ही बाबतींत पाकिस्तानने ३६व्या कलमाचा भंग केला आहे, असे पंधरा विरुद्ध एक मतांनी ठरले.

या निकालातील दोन मुद्दे आपल्या भावालाही उपयोगी आहेत. पाकिस्तानचे म्हणणे असे की हेरगिरीच्या आरोपींना हे कलम लागू नाही, आणि २००८च्या भारत-पाकिस्तान करारात राजकीय किंवा सुरक्षाविषयक अटकेच्या प्रसंगी भेट द्यायची की नाही हे प्रकरणाच्या गुणवत्तेवर ठरवण्याची मुभा आहे. न्यायालयाने दोन्ही म्हणणी फेटाळली. गुन्हा कोणत्या प्रकारचा आहे यावर हा हक्क अवलंबून नसतो. अमली पदार्थांच्या आरोपीलाही तो तितकाच आहे. दुसरा मुद्दा वकिलाचा. आम्ही आरोपीला बचावासाठी कायदा शिकलेला लष्करी अधिकारी दिला होता, असे पाकिस्तानने सांगितले. त्यावर, त्यामुळे वकिलाची व्यवस्था करण्याचा दूतावासाचा हक्क संपत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तिथल्या न्यायालयाने आपल्या भावाला सरकारी वकील नेमून दिला असेल, तर "आता वकील आहे, आणखी काय हवे" हे उत्तर पुरेसे नाही, असे दूतावासाला या आधारावर सांगता येते.

मात्र जे मिळाले नाही तेही ध्यानात घ्या. शिक्षा रद्द करावी आणि जाधव यांना सोडावे, ही भारताची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. मिळाले ते "परिणामकारक पुनर्विलोकन आणि पुनर्विचार" आणि तोपर्यंत स्थगिती. पहिली कॉन्सुलर भेट २ सप्टेंबर २०१९ रोजी झाली, म्हणजे अटकेनंतर सुमारे साडेतीन वर्षांनी. पुढे पाकिस्तानने पुनर्विलोकनासाठी आधी अध्यादेश आणि मग कायदा केला, आणि बचावासाठी वकील कोणत्या देशाचा असावा यावरच प्रकरण अडून राहिले. हेगमध्ये हरीश साळवे यांनी एक रुपया मानधन घेऊन बाजू मांडली हे आपल्याकडे सर्वांच्या लक्षात आहे; निकाल काय देतो आणि काय देत नाही, हे फार थोड्यांच्या लक्षात आहे.

या प्रकरणातील एक प्रसंग मला कायद्याच्या मुद्द्याइतकाच बोलका वाटतो. २५ डिसेंबर २०१७ रोजी आई आणि पत्नी यांना इस्लामाबादेत काचेपलीकडून जाधव यांना भेटू देण्यात आले. आईला मराठीत बोलण्यापासून रोखले गेले आणि बोलताना वारंवार मध्येच अडवले गेले, असे परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी सांगितले. मातृभाषेत बोलणे हा भावनेपुरता प्रश्न नाही. कैदी आपल्या माणसाशी स्वतःच्या भाषेत बोलतो तेव्हाच त्याला काय झाले, त्याच्याकडून काय लिहून घेतले, मारहाण झाली का, हे बाहेर येते. आपल्या भावाला फोनवर इंग्रजीत किंवा हिंदीतच बोलायला लावत असतील तर तेही तारखेसह टिपून ठेवा.

उलट बाजूचाही एक दाखला देतो, कारण तो मुंबईतला आहे आणि परदेशी आरोपीला न्याय्य खटला मिळणे का गरजेचे असते हे त्यातून नीट समजते. अजमल कसाबच्या वेळी मुंबईतील वकिलांच्या एका संघटनेने त्याचे वकीलपत्र घेऊ नये असा ठराव केला होता. तरीही आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात त्याला सरकारी खर्चाने वकील देण्यात आले. मे २०१०मध्ये शिक्षा झाली, फेब्रुवारी २०११मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयात ज्येष्ठ वकील राजू रामचंद्रन यांनी न्यायमित्र म्हणून बाजू मांडली. त्या निकालात असे ठरले की आरोपीला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यापुढे उभे करतानाच वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. मात्र खटल्यापूर्वीच्या टप्प्यात वकील नव्हता एवढ्याच कारणाने खटला आपोआप रद्द होत नाही, आरोपीचे प्रत्यक्ष नुकसान झाल्याचे दाखवावे लागते. म्हणजे आपल्या सर्वोच्च न्यायालयालाही पहिल्या दिवसांचे महत्त्व पटले, पण त्या दिवसांतील चुकीची किंमत त्याने आरोपीच्याच खात्यात ठेवली. कसाबसारख्या आरोपीलाही वकिलावाचून दोषी ठरवायचे नाही हा आग्रह तेव्हा अनेकांना खटकला होता. आज आपला माणूस परक्या न्यायालयात उभा आहे, तेव्हा तिथल्या न्यायाधीशाकडून आपली अपेक्षा याहून वेगळी नाही.

हेगचा रस्ता बंद का, ते आता सांगतो. त्या न्यायालयात कुटुंब जाऊ शकत नाही. फक्त राष्ट्र जाऊ शकते. राष्ट्रालाही तेव्हाच जाता येते जेव्हा दोन्ही देशांनी त्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केलेले असते. व्हिएन्ना कराराला जोडून एक वैकल्पिक पूरक करार आहे, आणि तो स्वीकारणारे देश या कराराविषयीच्या वादांत हेगचे अधिकारक्षेत्र मान्य करतात. भारत आणि पाकिस्तान या दोघांनीही १९७०च्या दशकात तो स्वीकारला होता म्हणून जाधव यांचे प्रकरण उभे राहू शकले. सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती यांनी मूळ करार मान्य केला आहे, हा पूरक करार नाही. म्हणजे ३६वे कलम त्यांच्यावर बंधनकारक आहे, पण त्याच्या भंगासाठी त्यांना या मार्गाने हेगला खेचता येत नाही.

आणि खेचता आले तरी काय होते, ते अमेरिकेच्या प्रकरणांत दिसले आहे. ॲरिझोनात जर्मन नागरिक असलेल्या लाग्रांड बंधूंना त्यांचा हक्क वेळेवर सांगितला गेला नाही. थोरल्या वॉल्टरची शिक्षा थांबवावी असा आदेश हेगने ३ मार्च १९९९ रोजी दिला आणि त्याच दिवशी त्याला देहदंड देण्यात आला. २००१च्या निकालात न्यायालयाने अशा अंतरिम आदेशांना बंधनकारक ठरवले आणि ३६वे कलम व्यक्तीलाही हक्क देते असे म्हटले, पण तोवर दोघेही भाऊ गेले होते. आवेना निकालाने ५१ मेक्सिकन कैद्यांच्या बाबतीत कराराचा भंग झाल्याचे ठरवले. त्यानंतर ओक्लाहोमातील एकाची शिक्षा २००४मध्ये जन्मठेपेत बदलली गेली. टेक्सासने मात्र ऐकले नाही. हेगचा निकाल राज्यांच्या न्यायालयांना आपोआप लागू होत नाही असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००८मध्ये ठरवले आणि होसे मेदेयिन याला त्याच वर्षी ५ ऑगस्टला देहदंड दिला गेला. दरम्यान २००५मध्ये अमेरिका त्या वैकल्पिक पूरक करारातूनच बाहेर पडली होती.

न्याय्य खटल्याचे इतर हक्क नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत. समजणाऱ्या भाषेत आरोप कळणे, मोफत दुभाषी, आपल्या पसंतीचा वकील, बचावाच्या तयारीला पुरेसा वेळ, वरच्या न्यायालयात अपील आणि दयेची याचना, असे त्यांचे स्वरूप आहे. कॉन्सुलर हक्क वेळेवर न सांगता दिलेला मृत्युदंड हा जगण्याच्या हक्काचाच भंग ठरतो, असे या करारावर देखरेख करणाऱ्या समितीने २०१८मध्ये नमूद केले. कुवेत, कतार, येमेन, इंडोनेशिया हे देश या कराराचे सदस्य आहेत. सौदी अरेबिया, अमिराती, मलेशिया आणि सिंगापूर नाहीत. म्हणून आपल्या भावाचा देश कोणता यावर दूतावासाच्या पत्रात कोणता आधार घ्यायचा हे ठरते. सदस्य नसलेल्या देशाला या कराराचे कलम दाखवून फारसे साधत नाही. तिथे त्याच देशाच्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातील दुभाषी आणि वकील यांविषयीची कलमे स्थानिक वकिलाकडून काढून घ्यावीत.

दुभाषाचा प्रश्न किती जीवघेणा असतो हे इंडोनेशियातील मेरी जेन वेलोसो या फिलिपिनो महिलेच्या प्रकरणात जगाने पाहिले. तिच्या खटल्याचे कामकाज इंडोनेशियन भाषेत चालले आणि तिला ते इंग्रजीत समजावले गेले, जी भाषा तिला धड येत नव्हती. २९ एप्रिल २०१५ रोजी इतर आठ जणांना गोळ्या घालण्यात आल्या, तिची शिक्षा शेवटच्या घटकेला थांबली, कारण तिला सामान देणाऱ्या संशयित महिलेने फिलिपिन्समध्ये स्वतःला पोलिसांच्या हवाली केले होते. डिसेंबर २०२४मध्ये ती मायदेशी परतली. आखातातील एका जुन्या प्रकरणात मीही पाहिले आहे की दुभाषी म्हणून बसवलेला माणूस हिंदी जेमतेम जाणत होता, आणि "मला माहीत नव्हते" आणि "मी पाहिले नव्हते" यांतला फरक त्याच्या भाषांतरात उरला नव्हता. पुडक्यात काय आहे हे ठाऊक असणे किंवा नसणे यावरच जिथे सगळा खटला उभा असतो, तिथे हा फरक म्हणजे माणसाचा जीव असतो. काही देशांत तर ज्याच्या सामानात माल सापडला त्याला तो ठाऊक होता असे कायदाच गृहीत धरतो आणि ते खोडून काढण्याचे ओझे आरोपीवर टाकतो. मलेशियात एकावर एक रचलेली अशी दोन गृहीतके तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये घटनाबाह्य ठरवली आणि २०२३मध्ये सक्तीचा मृत्युदंडही रद्द झाला. सर्वत्र इतके झालेले नाही.

ब्लड मनीचा आपला प्रश्न बातम्यांवरून आला असणार. शरियतवर आधारलेल्या कायद्यात खुनाचा गुन्हा "किसास"मध्ये मोडतो, म्हणजे सूड किंवा माफी हा मृताच्या वारसांचा अधिकार असतो, आणि ते "दिया" म्हणजे भरपाई घेऊन माफ करू शकतात. सौदी अरेबियातील केरळच्या एका वाहनचालकासाठी २०२४मध्ये लोकांनी सुमारे ३४ कोटी रुपये गोळा केले ते यासाठी. येमेनमधील केरळच्या परिचारिकेच्या प्रकरणात १६ जुलै २०२५ची तारीख पुढे ढकलली गेली तेव्हाही बोलणी याच तरतुदीभोवती चालली होती. अमली पदार्थांचा गुन्हा मात्र "ताझीर"मध्ये येतो. तो राज्याविरुद्धचा गुन्हा, त्यात माफ करणारा वारस कोणी नसतो. त्यामुळे "अमुक रक्कम भरा, मी सोडवतो" असे सांगणारा कोणी भेटला, आणि असे लोक अशा वेळी हमखास भेटतात, तर त्याला एक पैसाही देऊ नका. अशा गुन्ह्यात शिक्षा कमी होते ती न्यायालयात किंवा राज्यप्रमुखाच्या माफीने. श्रीलंकेत ३० ऑक्टोबर २०१४ रोजी अमली पदार्थांच्या प्रकरणात तमिळनाडूच्या पाच मच्छीमारांना फाशी सुनावली गेली आणि भारताच्या प्रयत्नांनंतर तीनच आठवड्यांत तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली. कतारमध्ये नौदलाच्या आठ माजी कर्मचाऱ्यांना ऑक्टोबर २०२३मध्ये झालेली फाशी डिसेंबरमध्ये अपिलात कमी झाली आणि फेब्रुवारी २०२४मध्ये ते सुटले. पण दोन्ही प्रकरणांत सर्वोच्च पातळीवरचे राजकीय लक्ष होते, ते प्रत्येक कामगाराच्या वाट्याला येत नाही. परराष्ट्र मंत्रालयाने मार्च २०२५मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार परदेशी तुरुंगांत १०,१५२ भारतीय होते आणि मृत्युदंड झालेल्या ४९ जणांपैकी २५ एकट्या अमिरातीत होते. त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला तिथे उत्तर प्रदेशातील एका महिलेला देहदंड दिला गेला; तिच्या वडिलांना ते निश्चितपणे कळले ते ३ मार्चला, दिल्ली उच्च न्यायालयात.

सरकारी मदतीचे स्वरूप सांगतो. २००९पासून भारतीय दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, त्यातून गरजू कैद्याला वकिलाची मदत देता येते; तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या "मदद" पोर्टलवर नोंदवता येते. परंतु हा निधी सरकारी मार्गदर्शक सूचनांवर चालतो, कायद्यावर नव्हे, त्यामुळे "मला वकील मिळालाच पाहिजे" असा दावा कुटुंबाला करता येत नाही. फिलिपिन्सने १९९५मध्ये, सिंगापूरने फ्लोर कॉन्तेम्प्लासिओन या घरकामगार महिलेला फाशी दिल्यानंतर उसळलेल्या संतापातून, स्थलांतरित कामगारांसाठी कायदा केला आणि त्यात कायदेशीर मदतीचा निधी आणि त्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याची तरतूद केली. आपल्याकडे असा कायदा असावा असे मी अनेक वर्षे म्हणत आलो आहे. १९८३च्या उत्प्रवासन कायद्याने हे काम भागत नाही. परराष्ट्र मंत्रालयाला निर्देश द्यावेत म्हणून उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, पण न्यायालय परदेशी खटल्यात हात घालू शकत नाही. स्थितीचा अहवाल मागवणे, कुटुंबाला प्रवासाची परवानगी मिळवून देणे, एवढाच तिचा उपयोग. आणि फाशी झालेल्या कैद्याला २००३च्या कैदी प्रत्यावर्तन कायद्याखाली शिक्षा भोगायला भारतात आणता येत नाही, हेही जाणून असा.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट, जी आपल्या पत्रात एका ओळीत आली आहे: पुडके भारतात दिले गेले. म्हणजे आपल्या भावाच्या निर्दोषत्वाचा पुरावा तिकडे नसून इकडे आहे. २०१९मध्ये मुंबईचे एक जोडपे एका नातलग बाईने "भेट" दिलेल्या सहलीवर कतारला गेले आणि दोहा विमानतळावर त्यांच्या सामानात चार किलोंहून अधिक चरस सापडले. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. इकडे नातेवाइकांनी तक्रार केली, केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाने (एनसीबी) तपास करून त्या बाईचे आणि तिच्या साथीदारांचे जाळे उघडे पाडले, तो तपास राजनैतिक मार्गाने कतारला पोचला, तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने प्रकरण फेरविचारासाठी पाठवले आणि २०२१च्या मार्चअखेर दोघे निर्दोष ठरून एप्रिलमध्ये मुंबईला परतले. माझ्या माहितीत परदेशी न्यायालयापुढे भारतातील पुरावा इतक्या स्पष्टपणे उपयोगी पडल्याचे दुसरे उदाहरण नाही.

म्हणून आजच्या आज पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या मुंबई कार्यालयाला पाठवा. पुडके कोणी, कुठे, कोणासमोर दिले. आधी फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर काय बोलणे झाले. तिकडे ते घ्यायला कोण येणार होते, हे सगळे तारीखवार लिहा. त्या गृहस्थाला जाब विचारायला जाऊ नका. तो संदेश पुसून टाकेल. आपल्याकडचा एकही संदेश पुसू नका, फोन बदलू नका. ज्या दुकानासमोर किंवा बस थांब्यावर पुडके दिले गेले तिथल्या सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी विनंती पोलिसांमार्फत आणि शक्य असल्यास थेट दुकानदारालाही करा, आणि प्रत मिळेल तेव्हा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमाखालील प्रमाणपत्र सोबत घ्या.

तिकडच्या वकिलाला काम करता यावे म्हणून मुखत्यारपत्र किंवा वकीलपत्र लागेल. तुरुंगातून भावाची सही घेणे सर्वांत सोपे, आणि ते काम दूतावासाचा अधिकारी भेटीत करून घेऊ शकतो. आपण इथून कागद पाठवणार असाल तर नोटरी, मग मंत्रालयातील साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे, आणि अमिराती, कुवेत किंवा कतार असेल तर त्या देशाच्या दूतावासाचे साक्षांकन, त्यावर अरबी भाषांतर, एवढा क्रम आहे. यात आठवडे जातात आणि अपिलाची मुदतही काही आठवड्यांचीच असते. वकील निवडताना तो त्या देशाच्या फौजदारी न्यायालयात स्वतः उभा राहू शकतो का, एवढे आधी विचारा. अनेक कार्यालयांत भारतीय सल्लागार बसतात, पण त्यांना तिथल्या न्यायालयात बोलण्याचा अधिकार नसतो.

वकील पहिल्यांदा भेटेल तेव्हा त्याच्याकडून तीनच कागद मागवा: भावाने सही केलेल्या जबाबाची अरबी प्रत, त्या वेळी दुभाषी कोण होता याची नोंद, आणि दूतावासाला कळवल्याची तारीख. ते हाती आले की त्यांच्या प्रती मला पाठवा. जबाबात "माहीत नव्हते" लिहिले आहे की "पाहिले नव्हते", ते मी इथल्या एका जाणत्या भाषांतरकाराकडून आधी तपासून घेईन. पुढचा अर्ज त्यावरच ठरेल.